वरचे राहू देत

बेळगावात, शनिवारच्या बाजारात, गणपत गल्लीत, भाजीचे ४७ रुपये झाले. मेथीची एक पेंडी, पावशेर गवारी, पावशेर वांगी. मावशीने बोटांवर हिशेब केला. मी सवयीने फोन काढला, बुट्टीच्या कडेला सुतळीने बांधलेल्या क्यूआरवर धरला आणि ४७ टाकले. पैसे गेले. पिशवी उचलून निघालो आणि चार पावलांवर काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं. पिशवीत बघितलं, भाजी होती. चष्मा नाकावर होता. पार टिळक चौकात आल्यावर ध्यानात आलं. मावशी ‘वरचे राहू देत’ म्हणालीच नव्हती.

म्हणणार तरी कशी? वरचे उरलेच नव्हते.

पूर्वी ४७ झाले की पन्नासची नोट पुढे व्हायची. मावशी कमरेची चंची चाचपायची आणि सुट्टे नाहीत म्हणायची. आपणही खिसा चाचपून सुट्टे नाहीत म्हणायचं. दोघांनाही ठाऊक असायचं, की दोघांकडेही आहेत. मग कोणीतरी हरायचं. ती हरली तर पंचेचाळीसवर भागायचं आणि आपण हरलो तर पन्नास जायचे. कोणीच हरलं नाही तर तीन रुपयांची कोथिंबीर पिशवीत पडायची. कन्नड गिऱ्हाईक आलं की हीच मावशी ‘नलवत्तेळु’ (सत्तेचाळीस) म्हणून सुरुवात करायची आणि ‘ऐवत्तु’वर (पन्नासवर) संपवायची. भाषा बदलायची, कोथिंबिरीची काडी तीच. फोन मात्र बरोबर ४७ घेतो. रुपयाचीही लबाडी करत नाही आणि रुपयाचीही माया करत नाही.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम विचारलं, “मावशी, फोनवर दिले की बरं पडतं की नाही? सुट्ट्याचा त्रास नाही.”

“बरं कुणाला की?” मावशी म्हणाली. “पोराच्या फोनात जातंय ते. तो उद्यमबागेत कामाला. मी इथं बसून बघूलोय, लोक फोन दाखवतात, मी मान हलवतो. रात्री तो सांगील तेवढं आलं म्हणायचं.”

(आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.)

कडोलीहून पहाटेच्या गाडीला बुट्टी चढवून आणायची, दिवसभर उन्हात बसायचं आणि संध्याकाळी चंची जेवढी सकाळी होती तेवढीच. परतीच्या गाडीत बसायच्या आधी नातवाला खाऊ घ्यायचा म्हटलं तरी हातात काही नाही. यात पोराचं काही वाकडं नाही, तो पैसे देतही असेल. पण मोजायचं सुख त्याच्याकडे गेलं. तेव्हाच ठरवलं, निदान मावशीला तरी रोख द्यायची.

ठरवणं सोपं होतं. एटीएमने पाचशेच्या चार नोटा काढून दिल्या आणि ४७ रुपयांच्या भाजीला पाचशेची नोट दाखवणं म्हणजे मावशीची थट्टाच. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकांना सांगितलं होतं, की सप्टेंबर संपेपर्यंत शंभरातल्या पंचाहत्तर एटीएममधून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. माझं नशीब बहुतेक उरलेल्या पंचविसांच्या रांगेत उभं राहतं. फुकटच्या खेपा संपल्या, की त्याच वर्षीच्या १ मेपासून एका खेपेला २३ रुपयांपर्यंत लागू शकतात. म्हणजे तीन रुपयांचे वरचे सोडवून घ्यायला तेवीस रुपये. असले हिशेब मी बायकोला सांगत नाही.

तरी पाचशेची नोट मोडणं आता सोपं आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात, आठ तारखेच्या त्या रात्रीनंतर, बँकेच्या रांगेत अर्धा दिवस काढून मी पहिली गुलाबी दोन हजाराची नोट घरी आणली आणि मोठ्या ऐटीत आमच्या वाण्याकडे घेऊन गेलो. त्याने ती उजेडात धरली, उलटीसुलटी बघितली आणि परत दिली. म्हणाला, “काका, एवढ्याचं सामान घेताय तर दुकान बंद करून किल्ली देतो.” ती नोट पंधरा दिवस माझ्या खिशात श्रीमंतासारखी उपाशी फिरत होती. २०२३ च्या मे महिन्यात तीही मागे घेतली. तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आलेला माणूस आमच्या गल्लीत तरी मला भेटला नाही.

खिशात पुन्हा नोटा आल्या आणि एक जुना चाळा परत आला. बसस्टॉपवर उभं राहून नोटेची मागची बाजू वाचायची. तिथे डाव्या कडेला पंधरा भाषांत किंमत छापलेली असते. क्रम इंग्रजी नावांच्या अकारविल्हेने, म्हणून वर आसामी आणि शेवटी उर्दू. त्यात कन्नड चौथी आणि मराठी आठवी. दोघींच्या मध्ये काश्मिरी, कोकणी आणि मल्याळम बसलेल्या. आमच्या गावात या दोघी पाटीवरून, परिपत्रकावरून, बसच्या फलकावरून एकमेकींकडे किती वर्षं रोखून बघतायत ते आम्ही जन्मल्यापासून बघतोय. नोटेवर मात्र मध्ये तिघी पाहुण्या बसवून दिल्यामुळे असेल, शांतता आहे. आणि वरच्या ओळीची नोट जेवढ्याला चालते तेवढ्यालाच खालच्या ओळीची. शहापूरपासून खडेबाजारापर्यंत कोणी नोट उलटी करून आपली ओळ शोधलेली मी बघितली नाही. माझ्यासारखा रिकामटेकडा सोडून.

फोनच्या पैशाला अशी मागची बाजू नाही. त्याला आवाज आहे. दुकानातल्या त्या बोलक्या पेटीने आमच्याकडे एक नवीनच गंमत केली. वाण्याची पेटी कन्नडमध्ये बोलते, औषधाच्या दुकानातली हिंदीत आणि वडापावच्या गाडीवरची मराठीत. वाणी अस्सल मराठी, वडापाववाला घरी कन्नड बोलणारा. वाण्याला विचारलं तर म्हणाला, “पेटी लावायला पोरगा आला होता, त्यानं जी लावली ती लावली. आवाज आला की झालं. पैसे काय भाषा बघून येतात काय?” मराठीच्या मोर्च्यात पुढे असणाऱ्या माणसाचं हे उत्तर. मी काही बोललो नाही, उधारीची वही अजून त्याच्याकडेच आहे.

आमच्या घरी महागाई मोजायचं यंत्र म्हणजे खिडकीचा कठडा होता. दुधाचे पैसे आई रात्रीच तिथे मांडून ठेवायची. नाणी एकावर एक रचून, वर उपडी वाटी. दुधाचा भाव वाढला की तो मनोरा एका नाण्याने उंच व्हायचा आणि वाटी बसायची नाही. वाटी डगमगली, की आई दोन दिवस चहा कमी दुधाचा करायची आणि तिसऱ्या दिवशी विसरायची. आता महिन्याचे पैसे बायको फोनवरून एकदम पाठवते. १ एप्रिल २०२५ ला नंदिनीचं दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढलं, ते मी पेपरात वाचलं. घरात कशालाच धक्का लागला नाही, चहाही तसाच झाला. गेल्या आठवड्यात सहज विचारलं, अर्ध्या लिटरला किती देतो आपण? बायकोने एक आकडा सांगितला, मी दुसरा. शेवटी फ्रिजमधून पिशवी काढून छापील किंमत वाचली. दोघंही चुकलो होतो, आणि दोघांचाही आकडा खऱ्यापेक्षा कमी होता.

आता कार्डाविषयी. माझ्या पाकिटात दोन आहेत, एक बँकेच्या खात्याचं आणि एक उधारीचं, म्हणजे ज्याला क्रेडिट म्हणतात ते. क्रेडिट कार्डावर पॉइंट साठतात, ते त्यांचे ‘वरचे’. तीन वर्षं साठवून मला एक थर्मास मिळाला. तो गळतो. दिवाळीआधी खडेबाजारात साडीच्या दुकानात हे कार्ड पुढे केलं, तर मालक गोड हसून म्हणाला, “कार्डाला दोन टक्के वरचे लागतील बघा.” भाजीवालीकडे वरचे राहतात आणि इथे वरचे लागतात. शब्द एकच, फक्त दिशा फिरली. त्याचंही खोटं नव्हतं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराला बँकेचा कट द्यावा लागत नाही, क्रेडिट कार्डावर लागतो. तो कट आपल्या अंगावर ढकलू नये असा नियम आहे म्हणे, पण नियम सांगायला तोंड उघडलं तेव्हा बायको दुसऱ्या साडीला हात लावत होती. मी मुकाट्याने फोन काढला.

२०२५ च्या जुलैत आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने क्यूआर उलटा करून ठेवला. पाठीमागचा कोरा पांढरा पत्रा गिऱ्हाइकाकडे. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदी बघून नोटिसा काढल्या होत्या. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांवर गेली, की जीएसटीची नोंदणी लागते. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी होती, आणि ताज्या भाजीला तर जीएसटीच नसतो. बेंगळूरात दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. आमच्या चहावाल्याची उलाढाल काढली तर वीस लाख व्हायला त्याच्या नातवाला टपरी चालवावी लागेल. पण भीतीला हिशेब येत नाही. दोन आठवडे त्याने रोखच घेतली आणि त्या दोन आठवड्यांत मला कळलं, की चहा बाराचा झालाय. फोनवर रोज बारा जात होते, मी दहाच समजत होतो. हातातून दहाचं नाणं आणि वर दोन रुपये काढताना कळलं. त्यातही दहाचं नाणं बघून त्याने नाक मुरडलं. ते नाणं चालतं असं रिझर्व्ह बँक २०१६ पासून सांगतेय, पण आमच्याकडे बऱ्याच गल्ल्यांना ते पटलेलं नाही. पुढे मुख्यमंत्र्यांनी जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं आणि पत्रा परत सुलटा झाला. चहा मात्र बारावर राहिला.

बायकोला या सगळ्या भानगडीतून एका ठिकाणी सुटका आहे. खानापूरला माहेरी जाताना ती बसमध्ये आधार कार्ड दाखवते आणि शून्याचं तिकीट घेते. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, २०२३ च्या जूनपासून हे चालू आहे. मी शेजारी बसून २०२५ च्या जानेवारीत पंधरा टक्क्यांनी वाढलेलं भाडं देतो आणि सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे राहिलेले पैसे लिहून देतो. उतरताना मागायला विसरायचं असतं, ते मी विसरतो. ती म्हणते, “बघा, कोणतं कार्ड चांगलं ते.”

तर परवाच्या शनिवारी मी तयारीने गेलो. वाण्याकडून पाचशे मोडून घेतलेले, खिशात दहा-विसाच्या नोटा. भाजी झाली ५८ ची. साठ दिले आणि मोठ्या मनाने म्हणालो, “वरचे राहू देत, मावशी.”

मावशीने नोटा घेतल्या, सरळ केल्या, चंचीत ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. “राहू देत कशाला? मी काय भीक मागूलोय काय?” चंचीत दोन रुपये नव्हते. शेजारणीकडेही नव्हते. सगळे फोनवर देतात, नाणी येणार कुठून? “थांब,” म्हणाली, “दोन रुपयांचं काहीतरी घालतो.”

आणि बुट्टीवर नजर फिरवायला लागली. कोथिंबिरीची पेंडी वीसची, तिच्यातल्या चार काड्या उपटल्या तर पेंडी सुटणार. लिंबू पाचाला एक. आल्याचा तुकडा दोन रुपयांत नखाएवढा येणार. मेथीला तर हातच लावायचा नाही. हात एकेका ढिगाऱ्यावर जायचा आणि परत यायचा. मागे एक बाई गवारीचा भाव विचारत उभी होती, तिला मावशीने हातानेच थांबवलं.

“दोन रुपयांत काय येतच नाही की रे आता,” ती म्हणाली. माझ्याशी नाही, बुट्टीशीच.

मग हिरव्या मिरचीच्या ढिगातून तिने चार मिरच्या मोजून काढल्या, माझ्या पिशवीत टाकल्या, परत एकदा ढिगाकडे बघितलं आणि पाचवी टाकली.