९००० चे १९१ : प्रोजेक्टरची तिसरी नोंद

प्रोजेक्टरच्या खोक्यावरच्या ‘९००० ल्युमेन’ला (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) भुलून साडेअकरा हजार मोडले, हे मागच्या नोंदीत कबूल केलंच होतं. या खेपेला तो आकडा मोजून काढला. मोबाइलमधलं अ‍ॅप दर वेळी वेगळंच सांगत होतं, म्हणून लाइट फिटिंगची कामं घेणाऱ्या मित्राचा लक्समीटर आणला. रात्री दारं-खिडक्या लावल्या, भिंतीवर ८० इंची कोरं पांढरं चित्र टाकलं आणि पेन्सिलीनं त्याचे नऊ चौकोन पाडले. प्रत्येकाच्या मध्यावर मीटर टेकवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मधल्या चौकोनात १४२, खालच्या डाव्या कोपऱ्यात ७१. नवांची सरासरी १०८ लक्स आली; लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड. चित्राचं क्षेत्रफळ १.७७ चौरस मीटर. गुणिलं की १९१. हेच आपले अ‍ॅन्सी ल्युमेन, म्हणजे असे नऊ ठिकाणी मोजून काढलेले, तेही ढोबळ. बायकोनं वही बघितली आणि विचारलं, "बाकीचे कुठं सांडले?"

आता कळतंय की १०० इंची चित्राचा माझा हट्ट चुकीचा होता. उजेड तेवढाच, पण पसरायला जागा दीडपटीहून जास्त. मॅट पांढऱ्या पडद्यावर लक्सला ३.१४ नं भागलं की साधारण निट्स निघतात, म्हणजे पडद्याचा डोळ्याला दिसणारा उजळपणा. माझे ८० इंचाला ३४, १०० इंचाला जेमतेम २२. डिजिटल सिनेमाचं प्रमाण ४८ निट्सचं आहे. त्यामुळं घरी ८० इंचावर कायमची खूण केली, पडद्यापासून सव्वादोन मीटरवर.

पडद्याचे तीन प्रयोग झाले. भिंतीला क्रीम डिस्टेंपर आहे, त्यावर चित्रातलं लग्नाचं पांढरं धोतरसुद्धा हळदीचं दिसायचं. मग जुन्या फ्लेक्सची पाठ लावली. ती इतकी चकाकते की आई म्हणाली, "मधोमध कंदील लावल्यागत दिसायलंय." शेवटी पडद्याच्या दुकानातून ब्लॅकआउटचं पांढरं कापड आणलं, वर-खाली लाकडी पट्टी ठोकली आणि चहूबाजूंनी चार बोटं काळी मखमल शिवून घेतली. चौकटीबाहेर सांडणारा उजेड ती मखमल गिळते आणि त्याच चित्राला उठाव येतो. खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक या मखमलीनं पडला, मशीनच्या सेटिंगनं नव्हे.

आवाजाचं थोडक्यात: ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. जुन्या स्पीकरला साडेतीन एमएमची वायर जोडली, प्रश्न मिटला. आतलं अँड्रॉइड ओटीटीवर ४८०पीच्या, म्हणजे धूसर चित्राच्या, वर जाईना, तिथं फायर टीव्ही स्टिक लावली.

खरी परीक्षा कामावर झाली. मी औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. पेरणीच्या तोंडावर गावोगाव बैठका असतात. पहिली बैठक सकाळी अकराला देवळाच्या सभामंडपात ठेवली, तीन बाजू उघड्या. भिंतीवर आधीच ४०० लक्स ऊन-उजेड, त्यात माझे १०८. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही; अक्षराच्या जागी तो फक्त उजेड टाकायचं थांबतो. म्हणजे काळी अक्षरं ४०० ची आणि पांढरा कागद ५०८ चा. सव्वा पट फरकात कोण काय वाचणार? जत्रेतल्या तंबूतल्या टॉकीजचा पहिला खेळ अंधार पडल्यावर का लागायचा, ते त्या दिवशी भर उन्हात समजलं.

पुढच्या गावी गोदाम मागितलं. शटर निम्मं ओढलं, खिडक्यांना ताडपत्री बांधली. मीटर १५ वर आला. चित्रही ५० इंचावर आणलं, तेव्हा तोच उजेड २७७ लक्स भरला. आता फरक एकोणीस पटीच्या आसपास. एक आजोबा दारातच थबकले, "साहेब, इतका अंधार करायलाव, पिक्चर दावायलाव का काय?"

तिथं दुसरी गंमत झाली. प्रोजेक्टर खाली बाकड्यावर ठेवून तोंड वर केलं होतं आणि ऑटो कीस्टोनवर भरवसा टाकला होता. कीस्टोन तिरकं पडलेलं चित्र सरळ करतो खरा, पण पॅनेलचे (आतल्या चित्र उमटवणाऱ्या काचेचे) कडेचे पिक्सेल वाया घालवून आणि उरलेल्यांत सगळं दाबून बसवून. इंग्रजी अक्षरं त्यातून तगतात. आपले अनुस्वार मरतात. स्लाइडवर ‘ओळींतील अंतर ४५ सेंमी’ लिहिलेलं, वरचे ठिपके गेले. मागच्या रांगेतल्या एकानं मोठ्यानं वाचलं, "ओळीतील अतर... वास यायचा का ह्याला?" बैठक पाच मिनिटं हसत होती.

मग कीस्टोन बंद केला. सोयाबीनची दोन पोती एकावर एक रचली, वर पाट, पाटावर प्रोजेक्टर, लेन्स बरोबर पडद्यासमोर. ठिपके परत आले. तेव्हापासून स्लाइडवर सहाच ओळी, जाड मुक्ता फाँट, पांढऱ्यावर काळं. निळ्यावर पिवळं मला आवडायचं, ते सोडून दिलं.

पोत्यांची किंमत मात्र मोजावी लागली. गोदामातली धूळ प्रोजेक्टरच्या पंख्यानं आत ओढली आणि आता घरी पिक्चरमध्ये काळोखाचा प्रसंग आला की उजव्या वरच्या कोपऱ्यात करडा ढग दिसतो. लेन्स पुसून काही झालं नाही, कारण फोकसची रिंग फिरवली की ढग लहान-मोठा होतो. धूळ आत पॅनेलवर आहे. बुडाचं रबरी बूच काढून कॅमेऱ्याच्या रबरी फुग्यानं हवा मारली. ढग निम्मा गेला, उरलेला सरकून मध्याकडं आला! तोंडानं फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट.

मे महिन्यात पन्नास मिनिटांनी प्रोजेक्टर आपोआप बंदही पडत होता. बेचाळीस अंश बाहेर, आणि मी त्याला फळीच्या कोनाड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला. पाठीमागं वीतभर जागा सोडली, तेव्हापासून पूर्ण पिक्चर चालतो. प्लग-मीटरवर ६८ वॉट खातो, त्यामुळं लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरला जड जात नाही.

पुढचं काम गच्चीवरच्या पडद्याचं. वाऱ्यानं कापड फुगतं, म्हणून खालच्या पट्टीला वाळूच्या पिशव्या बांधून बघणार आहे. पॅनेलपर्यंत स्क्रू काढून कुणी गेलं असेल तर आधी कुठली रिबन (चपटी वायर) सोडवायची तेवढं सांगा, ढग अजून मध्यावरच आहे.