हिरोशिगेचा पाऊस आणि फ्रेमचं माप

आज जपानी चित्रकार हिरोशिगेचा पाऊस डोक्यात आहे, तेव्हा असं चित्र छापून घरी लावायच्या मापाबद्दलच लिहून ठेवते. 'शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर' हे १८५७ सालचं चित्र ए-१ पोस्टरच्या आकारात सर्रास मिळतं. मूळ कागद मात्र 'ओबान' मापाचा, साधारण ३६ बाय २४ सेंटीमीटर, हातात धरून जवळून बघायचा. पावसाच्या रेषा छपाईच्या दोन लाकडी ठशांवर, किंचित वेगळ्या कोनांत कोरलेल्या. म्हणून सरी एकमेकींना छेदतात. चित्र सव्वादोन पट वाढवलं की त्या बारीक रेषांच्या सुतळ्या होतात आणि पाऊस पडायचा थांबतो.

म्हणून मूळ मापातच छापावं. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम अशा कितीतरी चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत देतात. ३०० पीपीआयला (दर इंचात ३०० पिक्सेल) सुमारे ४२०० बाय २८०० पिक्सेल लागतात. वरचा काळा ढग ठशावरचा रंग हाताने पुसत विरवलेला असतो, त्याला 'बोकाशी' म्हणतात. फाइल फार दाबलेली असेल तर तिथे पायऱ्या दिसतात. कागद चकचकीत नको. मॅट, किंचित पिवळसर कागद घ्यावा, शाई पिगमेंटची. आणखी एक अडचण: स्कॅनमध्ये जुन्या कागदाचा पिवळेपणा आधीच असतो, तो पिवळसर कागदावर छापला की दुप्पट होतो. आधी चार बोटं रुंद पट्टी छापून निळा आणि कोरा भाग तपासावा. समास कापू नयेत. हे चित्र 'एडोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं, तिच्यात डाव्या समासात प्रकाशकाचं नाव असतं.

हाताने पुन्हा ठसे कोरून छापलेल्या प्रतीही मिळतात. तोक्योची अदाची संस्था हेच काम करते. अशी प्रत उलटून पाहावी. मागे रंग उतरलेला असतो, 'बारेन'ने, म्हणजे कागद ठशावर दाबायच्या गोल चकतीने, घासल्याच्या खुणा दिसतात. यंत्रावर छापलेल्या ऑफसेट प्रतीची पाठ कोरी असते आणि भिंगाखाली ठिपके दिसतात.

फ्रेमवाला चित्र चारही बाजूंनी पुठ्ठ्यावर चिकटवायला निघाला, तर थांबवावं. दमट हवेत कागद फुगतो, त्याला सरकायला जागा नसली की वळ्या पडतात. फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या. साध्या टेपचे काही वर्षांत तपकिरी डाग पडतात. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त घ्यावा, तिन्ही बाजूंना ६ सेंटीमीटर, खाली ७. त्याच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही. टेकली, तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग जातो.

जागा निवडताना सोफ्यावरची मोठी भिंत विसरावी, तिथून हे चित्र वाचता येत नाही. पॅसेज किंवा लिहायच्या टेबलाजवळची भिंत बरी. उभ्याने बघायचं असेल तर मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, टेबलाशी बसून बघायचं तर १२० च्या आसपास. लांब, अरुंद जागेसाठी 'हाशिरा-ए' शोधावीत. खांबावर लावायचीच ती चित्रं, साधारण ७० बाय १३ सेंटीमीटरची. ऊन येणारी भिंत टाळावी. यूव्ही काच अतिनील किरण अडवते, उरलेला उजेड रंग उडवतोच. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत ५ मिलीमीटरचे रबरी बंपर लावून हवा खेळती ठेवावी, आणि जुलैत एकदा फ्रेम उतरवून पाठ बघावी.