सूर्य नसलेल्या शहरात वेळ कशी कळते?

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य मावळतो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. त्यातही भोवती डोंगर, म्हणून शहरातून त्याचं दर्शन साधारण २१ जानेवारीला. दोन महिने मिट्ट काळोख मात्र नसतो. दुपारच्या सुमारास काही तास निळसर उजेड पसरतो आणि बर्फावर तो आणखी निळा दिसतो. ‘कंटाळा येत नाही का रे?’ हा फोनवरचा ठरलेला प्रश्न. कंटाळा नाही येत. वेळेवरचा भरवसा उडतो.

झोपेतून उठून खिडकीबाहेर पाहावं, तर पहाटेचे पाच की संध्याकाळचे पाच, काही पत्ता लागत नाही. एकेक संध्याकाळ संपता संपत नाही. आणि मार्चमध्ये मागे पाहिलं, तर अख्खा डिसेंबर कुठे गेला ते आठवत नाही. जगताना लांबलचक, आठवताना एवढासा. हे कोडं मला इथे आल्यापासून छळतंय.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी, म्हणजे वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, काळाला द्रव्य मानलं, पण तो डोळ्यांना दिसत नाही हेही मान्य केलं. आधीचं आणि नंतरचं, एकाच वेळचं, उशिराचं, लवकरचं या जाणिवा ही त्याची चिन्हं, त्यांवरून त्याचं अनुमान करायचं. पूर्वी हे मला निव्वळ शाब्दिक काथ्याकूट वाटायचं. इथे ती चिन्हंच पुसली जातात. ऊन उतरत नाही, सावली सरकत नाही. मग अनुमान कशावरून करणार?

मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ साली हेच स्वतःवर करून पाहिलं. वय २३. जुलैच्या मध्यावर तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय उतरला. झोपताना, उठताना, जेवताना तो वर फोन करायचा. वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही, असा नियम. एका चाचणीत सेकंदाला एक या गतीने १२० पर्यंत मोजायचं होतं. त्याला जवळपास पाच मिनिटं लागली. १४ सप्टेंबरला त्याला मुदत संपल्याचं कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ती २० ऑगस्ट होती. पंचवीस दिवस गायब! गंमत म्हणजे त्याचं शरीर चुकलं नव्हतं. झोपेचं आणि जागेपणाचं चक्र साधारण साडेचोवीस तासांनी नीट फिरत होतं.

मग वेळ नक्की कुणाला कळत होती? शरीराला कळत होती, पण ते त्याला सांगत नव्हतं. मनाकडे मोजायला आठवणींखेरीज काही नसावं, असं मला वाटतं. एकासारखा एक दिवस गेला की खुणा राहत नाहीत, आणि खुणा नसलेला काळ मागे वळून पाहताना आक्रसतो. प्रवासातला आठवडा नंतर महिन्याएवढा वाटतो तो यामुळेच. पण मग ती न संपणारी संध्याकाळ? तेव्हा मी वेळेकडेच टक लावून बसलेला असतो. लांबी दोन्हीकडे आहे, पण ती मोजणारे दोन वेगळे आहेत, आणि त्यांचं आपसात पटत नाही.

रेनडिअर या भानगडीत पडत नाहीत. स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवरचे रेनडिअर ध्रुवीय रात्रीत आणि मध्यरात्रीच्या सूर्यातही चोवीस तासांची लय सोडून देतात, असं इथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं. माणसांना ते जमत नाही. जवळच्या सोमारॉय बेटाने २०१९ मध्ये घड्याळंच रद्द करायचं ठरवल्याची बातमी जगभर गाजली. पुढे ती पर्यटनाची जाहिरात निघाली.

हिवाळ्यात निदान घड्याळावर विश्वास ठेवणं भाग असतं. उन्हाळ्यात तोही राहत नाही. मे ते जुलै सूर्य मावळतच नाही आणि शेजारी रात्री अकरा वाजता निवांत भिंत रंगवत असतात. मी तक्रार करत नाही, कारण तेव्हा मीही जागाच असतो.