घरातलं शिवणकाम आणि सोसायटीचं पत्र

घरी शिवणकाम करायला हरकत नाही, असं सोसायटीचं चार ओळींचं पत्र मिळायला मला पाच महिने लागले. आठवलं की अजून डोकं तापतं. घरी ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) आणि शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याची, ऑनलाइन सूचना एका दुपारी उरकली. कामगार कमी असले की फक्त सूचना द्यायची असते. उद्यम फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

मग समितीची नोटीस आली: सदनिकेत व्यवसाय बंद करा, नाहीतर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावू. अहो, तो फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागतो, आणि तोही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर नाही. मी तर माझ्याच घरात राहते!

सेक्रेटरी म्हणाले, "महापालिकेचं पत्र आणा, मग बघू." पालिकेत गेले तर, "आधी सोसायटीची ना-हरकत आणा." हे चार वेळा झालं. दर वेळी रिक्षा, अर्धा दिवस, आणि ग्राहकांचे फोन. पहिला अर्ज तर समितीकडून हरवलाच, कारण मी पोच घेतली नव्हती. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका.

पाचव्या खेपेला पालिकेतल्याच एका कर्मचाऱ्याने सांगितलं, "ताई, यूडीसीपीआरमधली घरगुती व्यवसायाची व्याख्या वाचा." डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू झालेली ही बांधकामाची नियमावली. घरातल्याच माणसाने, पगारी माणूस न ठेवता, बाहेर पाटी न लावता काम करायचं. घरात तयार होतं तेच विकायचं. मोटर वापरली तर भार 0.75 किलोवॅटच्या आत हवा. खानावळ यात बसत नाही.

मी मशीन उलटं करून मोटरवरची पट्टी पुसली. तेलाने काळी झालेली, पण आकडा दिसला: 100 वॅट. दोन्ही मशीनच्या पट्ट्यांचे फोटो, ती व्याख्या आणि नवा अर्ज असं सगळं जोडून दिलं आणि मासिक सभेत ठराव मागितला. गॅलरीतली पाटी त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः काढली. ती लावायलाच नको होती, माझी चूक होती.

ठराव झाला. पत्र हातात आलं तेव्हा मी जिन्यातच रडले.

हो, एक राहिलं. खालच्या काकूंची तक्रार खरी होती, मशीनचा आवाज त्यांच्या देवघरात जायचा. आता मशीनच्या पायांखाली जाड रबर आहे आणि दुपारी दोन ते चार मी मशीन लावत नाही. हे आधी केलं असतं तर बहुतेक नोटीसच आली नसती. सणाच्या गर्दीत मदतीला बाई ठेवता येत नाही, म्हणून हूक लावायला सासूबाई बसतात.