खंदक रिकामा केला आणि बुरूज बसला: यंदाच्या किल्ल्याची माती-वही

मागच्या दिवाळीत आमच्या भुईकोटाचा पूर्वेकडचा बुरूज बसला, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. फोटो बघून सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, "पाणी जास्त झालं, माती भिजली." मलाही तेच वाटलं होतं. पण एक गोष्ट वर्षभर मनात सलत राहिली. खंदकात चार दिवस काठोकाठ पाणी होतं तेव्हा बुरूज ताठ उभा होता. नरकचतुर्दशीच्या रात्री पाणी गढूळ दिसायला लागलं, सकाळी पाहुणे येणार म्हणून मी नळी लावून दहा मिनिटांत खंदक उपसला, आणि अर्ध्या तासात बुरूज खाली आला. भिजल्यामुळे पडायचा असता तर तो आधीच पडला असता. यंदा किल्ल्यापेक्षा या प्रश्नावरच जास्त वेळ गेला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: अंगणात 6 फूट बाय 5 फूट जागेत सोलापूरचा भुईकोट करते. दुहेरी तटबंदी, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंना खंदक. खंदकात निळा कागद नको, खरं पाणी हवं हा माझा हट्ट आहे. खोली 9 इंच.

दसऱ्यानंतरचा पहिला आठवडा: माती

सोलापुरात किल्ला करायचा म्हणजे पहिली गाठ काळ्या मातीशी. हाताला लोण्यासारखी लागते, बुरूज असा सुरेख वळतो की वाटतं यापेक्षा चांगली माती नाही. मग ऑक्टोबरचं ऊन दोन दिवस लागतं आणि तटाला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या मिस्त्रींनी माझा भेगाळलेला नमुना बघितला आणि म्हणाले, "ताई, ही माती घर पण असंच उचलती आणि सोडती. मुरूम लागंपर्यंत खाली जायचं, तवा पाया धरायचा."

ही माती किती फुगते ते मोजायची एक सोपी चाचणी आहे, प्रयोगशाळेतही तीच करतात. चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम एका मोजनळीत पाण्यात टाकायची, 10 ग्रॅम दुसऱ्या मोजनळीत रॉकेलमध्ये, आणि 24 तास ठेवायची. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइटचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ थरांचे असतात. पाणी त्या थरांच्या मधे शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब ढकलतं. रॉकेलला ते जमत नाही. म्हणून रॉकेलमधली माती आहे तेवढीच राहते आणि दोन्ही नळ्यांतला फरक म्हणजे निव्वळ फुगवटा. माझी काळी माती रॉकेलमध्ये 11 मिलिलिटरवर बसली, पाण्यात 21 वर. म्हणजे 91 टक्के फुगवटा! दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या दोन नळ्यांकडे मी कितीतरी वेळ बघत होते. जी फुगते तीच वाळताना तेवढी आक्रसते, आणि भेगा तिथूनच येतात.

दुसरा नमुना पांढऱ्या मातीचा. भावजींच्या गावात, मोहोळकडे, एक जुना वाडा पडलाय, त्याच्या ढिगातून दोन घमेली आणली. आपल्याकडे गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात ते उगाच नाही. धाब्याच्या घरांवर हीच पांढरी माती घालायचे. तिचे आकडे 10 आणि 12, म्हणजे फुगवटा फक्त 20 टक्के. फुगत नाही म्हणून आक्रसत नाही, भेग पडत नाही, आणि भेग नाही तर पाणी आत शिरायला वाट नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी छपरासाठी नेमकी हीच माती उचलली, हे त्या नळीत बघताना अंगावर काटा आला. (ती जड असते, हेही विसरता येत नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती या जाड धाब्यांसकट कोसळल्या.)

तिसरा नमुना चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीचा, भावजींच्या खालच्या पट्टीतला. मातीचा हरभऱ्याएवढा खडा स्वच्छ पाण्याच्या वाटीत ठेवायचा आणि हात लावायचा नाही. काळ्या मातीचा खडा विरघळून ढीग झाला, पण वरचं पाणी नितळ राहिलं. चोपणाच्या खड्याभोवती मात्र दुधासारखा ढग उठला आणि पाच मिनिटांत वाटीचा तळ दिसेना. सोडियम जास्त असलं की कण एकमेकांना धरूनच राहत नाहीत, साध्या स्थिर पाण्यातही सुटे होतात. अशा मातीच्या बांधातून पाणी पाझरलं तर नुसतं पाणी जात नाही, माती घेऊन जातं. किल्ल्याला ही माती चुकूनही वापरू नका. भावजींना तिथे शेततळं करायचं होतं. त्यांना ही वाटी दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वहिनी, आधी जिप्समचं बघतो." (अशा जमिनीतलं सोडियम कमी करायला जिप्सम घालतात.)

शेवटी यंदाचं मिश्रण ठरलं: तटाला दोन भाग पांढरी माती, एक भाग चाळलेला मुरूम. खालचा चौथरा काळ्या मातीचाच, कारण तेवढी दुसरी माती कुठून आणणार. पण त्यावर 3 इंच मुरमाचा थर दाबून घेतला. खऱ्या कालव्यांना आणि इमारतींच्या पायाला हीच युक्ती करतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्यायची पद्धत मांडली. तिथे थर साधारण मीटरभर असतो, माझा 3 इंची.

दुसरा आठवडा: किती ओल?

आपण सगळे अंदाजानेच पाणी घालतो. मी यंदा मोजून घातलं. एक लिटरचा स्टीलचा डबा घेतला, मिश्रण तीन थरांत भरलं, प्रत्येक थराला खलबत्त्याच्या दांड्याने 25 ठोके. किलोभर कोरड्या मातीला आधी 80 ग्रॅम पाणी, मग 120, 160, 200. प्रत्येक वेळी डबा काठाशी सपाट करून वजन केलं आणि त्यातून पाण्याचं वजन वजा केलं. नुसती माती किती बसली: 1593 ग्रॅम, 1679, 1724, आणि 200 ग्रॅम पाण्याला पुन्हा 1650. म्हणजे 160 च्या आसपास माती सगळ्यात घट्ट बसते. पाणी कमी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, अडकून मधे पोकळ्या राहतात. जास्त झालं तर पाणीच जागा अडवून बसतं, आणि पाणी काही ठोकून दबत नाही. अमेरिकेत धरणांच्या कामावर असलेल्या प्रॉक्टरने 1933 मध्ये ही गोष्ट मांडली आणि आजही मातीचं धरण असो की रस्त्याचा भराव, दबाई याच हिशेबाने तपासतात.

भावजींना हा आकडा सांगितला. त्यांनी डब्यातली मूठभर माती घेतली, दाबून लाडू वळला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. लाडू चार तुकडे होऊन फुटला, हाताला चिखल नाही. "वाफसा आहे की हा," म्हणाले. वाफसा म्हणजे मशागतीला योग्य एवढीच ओल. 200 वाल्या मातीचा लाडू नुसता चपटा झाला. ज्यांच्याकडे वजनकाटा नाही त्यांनी निःशंकपणे हा लाडू वापरा. आणखी एक खूण: माती तळहाताखाली शेवईसारखी वळत न्यायची. साधारण 3 मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की ओल जवळपास बरोबर. अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1911 मध्ये मातीच्या अशा सीमा ठरवल्या, आणि शेवई वळायची ही चाचणी तिथूनच आली आहे.

तिसरा आठवडा: खंदक

आता मूळ प्रश्न. जुनी काचेची माशांची पेटी काढली आणि तिच्यात बांध घातला, 9 इंच उंच, एका बाजूला पाणी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एवढ्या लहान बांधात मातीचा चिकटपणा वजनाला भारी पडतो, त्यामुळे खरा बांध पडेल तिथे छोटा उभा राहतो. म्हणून यात मुद्दाम पोयट्यात बारीक वाळू मिसळली, उतारही खडा ठेवला आणि दबाई हलकी केली. बांधाच्या पोटात सलाईनची पारदर्शक नळी उभी पुरली, खालच्या तोंडाला साडीच्या फॉलचा तुकडा बांधला. बांधाच्या आत पाणी कुठवर चढलंय ते या नळीत दिसतं.

पाणी भरलं. नळीतलं पाणी हळूहळू चढत दुसऱ्या दिवशी 6 इंचांवर स्थिर झालं. बांध उभा. मग रबरी नळीने पेटीतलं पाणी पाच मिनिटांत काढलं. बाहेर पाणी संपलं, पेटीचा तळ दिसला, पण बांधातल्या नळीत पाणी 5 इंचांवर तसंच उभं! मी नळीकडेच बघत होते तेवढ्यात उताराच्या वरच्या अंगाला केसाएवढी चीर आली, ती रुंदावली, आणि पाण्याकडची अख्खी बाजू एका तुकड्यात खाली सरकली. बरोबर मागच्या वर्षीच्या बुरुजासारखी.

आत काय होतं ते मला कापड दुकानातल्या कामावरून समजलं. चादरींच्या थप्पीतली खालची चादर ओढा, येत नाही. वरच्या वजनाने घड्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. कुणीतरी थप्पी दोन्ही हातांनी जरा उचलून धरली की तीच चादर अलगद निघते. थप्पीचं वजन कमी झालेलं नसतं, फक्त ते खालच्या घड्यांवर टेकलेलं नसतं. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब कणांना असंच उचलून धरतो. मातीची ताकद एकूण वजनावर नाही, वजनातून हा पाण्याचा दाब वजा करून जे उरतं त्यावर ठरते. कार्ल टेरझागी यांनी हे 1920 च्या दशकात मांडलं आणि आजचं सगळं मृदास्थापत्य, म्हणजे मातीवरच्या आणि मातीच्या बांधकामाचं शास्त्र, त्यावर उभं आहे.

खंदक भरलेला असताना आतला दाब होताच, पण बाहेरचं पाणी उताराला टेकून आधार देत होतं. मी आधार दहा मिनिटांत काढून घेतला आणि आतला दाब तसाच ठेवला.

उलट बाजूही बघा. जराशा ओल्या वाळूचा वाटीने मुटका पाडला तर उभा राहतो, कोरड्या वाळूचा ढासळतो. तिथे कणांच्या सांध्यात पाण्याचे इवलेसे थेंब असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढतात. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ती ओढ संपते. त्याच मुटक्यावर पेलाभर पाणी ओतून बघा.

पेटीतला प्रयोग चार वेळा केला. तीनदा दोन दिवस पाणी ठेवून: झटकन उपसलं तेव्हा दोन्ही वेळा उतार सरकला, दिवसभर थेंबथेंब सोडलं तेव्हा टिकला, कारण नळीतलं पाणीही बाहेरच्याबरोबर उतरत गेलं. चौथ्यांदा पाणी भरून दोनच तासांत उपसलं. तेव्हा नळी जवळपास कोरडी होती, आणि बांध जागचा हलला नाही. माझी खात्री या चौथ्या वेळेमुळे पटली.

मातीच्या धरणांचा जलाशय भराभर उतरवत नाहीत त्याचं कारण हेच. गेल्या रविवारी मुद्दाम हिप्परग्याच्या तलावावर, एकरुखला, जाऊन आले. 1871 साली पूर्ण झालेला मातीचा बांध, अजून पाणी धरून आहे. तिथे उभी असताना पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव आठवलं. 30 जुलै 2014 ला पावसाने डोंगराच्या पोटातला हाच दाब वाढवला, उतार सुटला आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. तेव्हापासून 'बुरूज कोसळला' हे शब्द माझ्या तोंडून पूर्वीसारखे सहज निघत नाहीत.

वसुबारस: प्रत्यक्ष किल्ला

तटबंदीच्या पायात, खंदकाच्या तळाशी, अर्धा इंच जाड धुतलेल्या वाळूचा पट्टा घातला. तो उताराच्या पोटातून खंदकात उघडतो. वाळूवर फॉलचं कापड, म्हणजे माती वाळूत शिरून पट्टा तुंबणार नाही. सगळी माती 2-2 इंचांच्या थरांत, वाफशावर, ठोकून. उतार मागच्या वर्षीपेक्षा निवांत, उंचीच्या दीडपट पाया. तटांवर मोहरी आणि हळीव पेरलेत, मुळं वरचा अर्धा इंच धरून ठेवतात, त्याखाली त्यांचा भरवसा धरू नका.

काल रात्री खंदक भरला. आज सकाळी तटातली नळी 5 इंचांवर होती. दुपारी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली. ताडपत्री घालेपर्यंत दक्षिणेकडचा तट चांगला भिजला, नळी अर्धा इंच वर गेली आणि तासाभरात परत 5 वर आली. वाळूच्या पट्ट्याची खरी परीक्षा मात्र खंदक उतरवतानाच होईल.

शेजारचा पोरगा ओट्यावर बसून नळीवर डोळा ठेवून आहे, दर तासाला वहीत आकडा लिहितो. "काकू, पाणी कधी सोडायचं?" असं आत्तापर्यंत चारदा विचारून झालंय. नरकचतुर्दशीच्या रात्री सोडणार, सलाईनच्या चकतीने थेंब लावून, पहाटेपर्यंत. पूर्वेकडच्या बुरुजात दुसरी नळी आज बसवली. आकडे पुढच्या नोंदीत टाकते.