कोयनेल

लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्टेशनाबाहेर जमलेल्या घोळक्यात गुडघ्याला पट्टा बांधलेली मी एकटीच. "मावशी, तुला जुनी घरं आवडतात ना? मग जाच," म्हणून भाचीनं हा हॅम्पस्टेड गार्डन सबर्बचा वॉक परस्पर बुक करून टाकला आणि स्वतः ड्यूटीवर निघून गेली. ती इथे नर्स आहे, नवराही त्याच हॉस्पिटलात.

गाइडबाई उत्साही. उतरती कौलं, धिप्पाड धुराडी, बारक्या तावदानांच्या खिडक्या. यंत्राच्या मालाला विटून हातकामाकडे वळलेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्सवाल्यांची ही घरं. हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी 1907 साली वसाहत सुरू केली, आराखडा रेमंड अन्विनचा, मधल्या चौकातली दोन चर्चेस लट्यन्सची, म्हणजे आपल्या नव्या दिल्लीवाल्याची. सगळे माना वर करून बघत होते. माझं लक्ष खाली, कुंपणांकडे. दोन घरांमध्ये भिंत नको, झुडपांचं कुंपण नाहीतर जाळी, असा बार्नेटबाईंचा दंडकच होता.

मी हळूच एक पान खुडून चुरडलं. छे, हा तो वास नव्हे.

सांगलीला आमच्या कॉलनीत कोयनेल होती. माळीकाका ती भलीमोठी कात्री कचाकचा चालवत निघाले, की कडवट हिरवा वास संध्याकाळपर्यंत हाताला, कपड्यांना, पार जेवणाला. कुंपणाला खाली एक भोक असे. ते कुणी पाडलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातून चेंडू, मांजरं आणि आम्ही. वरून वाट्या. शेजारच्या काकू बिरड्याची उसळ द्यायच्या आणि आई रिकामी वाटी कधी परत करायची नाही. काही नसेल तर निदान साखर. भांडणंही तिथूनच व्हायची, नाही असं नाही, पण भांडताना समोरचीचा चेहरा दिसायचा. पुढे कोयनेल उपटून विटांची भिंत आली, वर काचांचे तुकडे. भिंतीवर काचा लावणाऱ्यांशी मी आजही जरा तुटकच बोलते.

बार्नेटबाई तशा कडकच. वसाहतीत गुत्ता नको, चर्चची घंटासुद्धा नको, एकराला सरासरी आठच घरं. पण वॉटरलो कोर्ट बघितलं आणि बाईंना सगळं माफ केलं. नोकरी करणाऱ्या एकट्या बायकांसाठी बेली स्कॉट या वास्तुकारानं 1909 साली बांधलेलं. मधे चौक, चौकाभोवती कमानींची पडवी, पडवीत घरांची दारं. वाडाच की! पडवीत बसून शेंगा निवडाव्यात असं वाटलं.

गरीब-श्रीमंत सगळ्यांनी इथे शेजारी शेजारी राहावं, ही बाईंची मूळ कल्पना. कामकरी कुटुंबांसाठी छोटी कॉटेजेस बांधली ती त्यासाठीच. त्यातल्या एकीची आजची किंमत घोळक्यातल्या कुणीतरी विचारली. गाइडबाईंनी आकडा सांगितला आणि सगळे कसनुसे हसले. बाहेरून काही बदलायचं तर आजही वसाहतीच्या ट्रस्टची परवानगी काढावी लागते, त्यामुळे घरं जशीच्या तशी आहेत. कुंपणंही.

भाचीचं बिऱ्हाड इथून जवळच, हेंडनला, एका बेडरूमचं. दोघांच्या पगारात त्याचंही भाडं झेपेना, म्हणून पुढच्या महिन्यात लंडनबाहेर जायचं चाललंय.