मुंबई–लंडन : जाताना दहा तास, येताना नऊ

आज विमानतळावर एका आजींनी तिकीट बघत विचारलं, "अहो, जाताना दहा तास आणि येताना नऊच? अंतर तर तेवढंच ना!" प्रश्न अगदी रास्त आहे.

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने आठ तासांत पोचायला हवं. पण नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला, म्हणजे पश्चिमेकडे, जाताना समोरून ताशी १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८००, म्हणजे नऊ तास. येताना तोच वारा पाठीशी आला की वेग १०००, आणि सव्वासात तास. वारा वाटभर सारखा नसतो, हिवाळ्यात मात्र फरक जास्त जाणवतो. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' बघा, आकडा हलताना दिसेल.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. बंद हवाई हद्दीला वळसा पडला तर अंतरही वाढतं.

आणि तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करू नका! दोन्ही स्थानिक असतात. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जुलैमध्ये तिथून रात्री ९ ला निघालात आणि नऊ तास लागले, तर मुंबईत सकाळचे साडेदहा. घ्यायला येणाऱ्यांना हीच वेळ कळवा, वर सामानासाठी तासभर धरून.